दाजींचं खारं पाणी

पंधरावा थेंब पडला आणि काचेच्या नळीतलं निळसर पाणी गुलाबी झालं. दोन थेंबांचा एक, म्हणजे साडेसात. मी चष्मा वर सरकवून वहीत आकडा लिहिला आणि घड्याळ पाहिलं. सहाला दहा मिनिटं कमी होती. दाजींचा फोन नगरच्या दवाखान्यातून रोज सहाला यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. त्या दिवशी मी खुशीत होते, कारण दोन दिवसांत आकडा एकने चढला होता, अगदी त्यांनी सांगितला होता तसा. तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं, आज यांनाही राहवलं नाही. उचलल्या उचलल्या मी म्हणून टाकलं, "साडेसात आला, दाजी." पलीकडे माझी भाची मंजू होती. ती म्हणाली, "मावशी, बाबा गेले."

याला आता सहा आठवडे झाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. उसाचा रस उकळायच्या आधी त्यात चुना सोडतात, म्हणजे गाळ खाली बसतो आणि रस निवळतो. तो चुना किती सोडायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे आमचे दाजी. हंगामात त्यांच्या शर्टाला मळीचा वास यायचा आणि आक्का तो शर्ट दोन बोटांनी धरून बादलीत टाकायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेवाशात माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर छोटं घर बांधलं. आता हा माणूस चार चौघांसारखा सकाळी पेपर वाचील, दुपारी झोपेल आणि संध्याकाळी नदीवर फिरून येईल, अशी आक्काची भाबडी समजूत होती.

बिघडलं ते पुण्यात. मंजूला मुलगी झाली तेव्हा दोघं महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिले होते. आक्का नातीच्या न्हाऊमाखूत गुंतलेली, आणि दाजी रोज दुपारी तास-दोन तास गायब. शोध घेतला तेव्हा कळलं की खालच्या मजल्यावरच्या एका माणसाने घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे, तीत प्रवाळ वाढवलंय, आणि आमचे दाजी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेले असतात. परत आले तेव्हा त्यांच्या खिशात नातीचा एकही फोटो नव्हता, पण टाकीवर लिहिलेली सहा पानं होती. आक्का ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि दाजी शेजारीच बसून, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने ऐकायचे.

सहा महिन्यांत नेवाशाच्या त्या घरात, पुढच्या खोलीत, टीव्ही हलवून काचेचा समुद्र आला. समुद्रातून तोडून आणलेलं काहीही त्यांना चालणार नव्हतं, कायद्यालाही ते चालत नाही. पुण्याच्या त्या गृहस्थांनी रीतसर कागदपत्रांनिशी मिळवलेलं आणि स्वतःच्या टाकीत वाढवलेलं जे होतं, त्याचेच बोटभर तुकडे दाजी पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून एसटीने घेऊन आले. गावात बातमी पसरली. लोक मासे बघायला यायचे. मासे दोनच होते, तेही एवढेसे. बाकी सगळी दगडाला चिकटलेली तपकिरी, हिरवी, जांभळी बोटं. एका गृहस्थाने बराच वेळ निरखून "हे खातात कशाबरोबर?" असं विचारलं. दाजींनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की हे खायचं नसतं, याला खायला घालायचं असतं.

काय खायला घालायचं, हे त्यांनी मला एकदा समोर बसवून शिकवलं. प्रवाळ हा जीव स्वतःचं हाड स्वतःच बांधतो. त्यासाठी पाण्यातून दोन वस्तू घेतो, एक चुन्यातलं कॅल्शियम आणि दुसरा सोडा. समुद्र अफाट, त्याला फरक पडत नाही. टाकीतलं मात्र रोज थोडं संपतं, आणि जेवढं संपलं तेवढंच आपण रोज भरून द्यायचं. त्यासाठी दोन बाटल्या असत. कॅल्शियमची पूड पुण्याहून यायची. सोड्याची बाटली घरी बनायची, त्यासाठी साधा खायचा सोडा आक्काच्या कढईत तासभर भाजायचा. आक्का म्हणायची, हे निवृत्त झाले आणि माझी कढई कामावर लागली.

या दोन बाटल्या पाण्यात कधी एकत्र सोडायच्या नाहीत. का, म्हणून मी विचारलं तर त्यांनी एका पेल्यात दोन्हींचं चमचाभर ओतून दाखवलं. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, पण भेटताक्षणी पांढरंफेक दूध झालं आणि तळाला गाळ बसला. "ह्या जावा-जावा हायत," ते म्हणाले. "दोघी कामाच्या. पर एकाच टायमाला चुलीम्होरं बसवायच्या न्हाईत. एकीचं उरकलं की अर्ध्या तासानं दुसरी." मग हसून म्हणाले, की जन्मभर चुना घालून गाळ बसवायचा पगार घेतला, आणि आता चुना असा घालायला शिकतोय की गाळ बसता कामा नये. त्यांना या उलटापालटीची फार मजा वाटायची. रोज संध्याकाळी सहाला ते नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब मोजत, पाण्यात किती सोडा उरलाय ते त्यावरून कळे. आठ आला की दिवस चांगला. वहीत तारीख, आकडा आणि दोन्ही बाटल्यांतून किती दिलं याची नोंद, कारखान्यातल्यासारखी.

मी तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, पण स्वयंपाकघरात कधी चमचा मोजला नाही. मीठ बोटांत किती आलं ते माझ्या बोटांना कळतं, असा माझा तोरा होता. दाजी मला मास्तरीणबाई म्हणायचे, आणि माझ्या हातची आमटी खाताना "आज किती घातलं?" असं मुद्दाम विचारायचे. अशा माझ्या हातात तीन वर्षांपूर्वी त्यांची टाकी आली. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नगरला ठरलं. आक्का त्यांच्याजवळ राहणार, मंजूची मुलगी लहान. घराची किल्ली माझ्याकडे. जाताना ते ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला थेंब मोजायला लावले, तीनदा.

पहिला आठवडा मी इमानेइतबारे केलं. सहाला फोन यायचा. मी आकडा सांगायची, ते तिकडून सांगायचे की उद्या सोडा इतका दे, कॅल्शियम इतकं. ऑपरेशननंतर आवाज खोल गेला होता, पण आकडा ऐकला की जरा वर यायचा. आक्का म्हणायची, दिवसभर पडून असतात आणि साडेपाचपासून घड्याळ बघतात.

मग पाटाला पाणी आलं. आमची शेती गावापासून आठ-दहा किलोमीटरवर, सगळा ऊस. आवर्तन सुटलं की आपल्या पाळीला बारे धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, माणूस लागतंच. आमच्या ह्यांची पाठ नेमकी तेव्हाच धरली होती. मी शेतावर गेले ती चार दिवस अडकले. पहिल्या संध्याकाळी सहाला बांधावर फोन वाजला. चिखलात उभी होते. "किती आला?" "आठ," मी म्हणाले. एवढा सोपा होता तो शब्द. आदल्या दिवशी आठच होता, एका दिवसाने काय होतंय... दुसऱ्या दिवशीही आठ म्हणाले. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही.

पाचव्या दिवशी नेवाशाला येऊन थेंब मोजले तर बाराव्यालाच पाणी गुलाबी झालं. सहा. आणि मग मी जे केलं ते फक्त पाटाच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्या घरातली बाईच करू शकते. आमच्याकडे एखादी पाळी चुकली की पुढच्या पाळीला सरी तुडुंब भरून देतात. राहिलेलं पाणी एकदम द्यायचं, ऊस सगळं पिऊन घेतो. मी चार दिवसांचा राहिलेला सोडा एका दमात टाकीत सोडला. जावा-जावांचा नियम आठवणीने पाळला, अर्धा तास थांबून चार दिवसांचं कॅल्शियमही दिलं. वर स्वतःवर खूश झाले की चला, भरून निघालं.

दोन दिवसांनी फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागली. भाजल्यासारखी. आकडा नऊच्या वर गेला होता. भाजलेलं प्रवाळ सोडा घेईनासं झालं, त्यामुळे तो आणखी चढत चालला. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की संध्याकाळी सहाला एक नुकतं छाती उघडलेलं माणूस आकडा विचारणार आहे. मी रोज "आठ" सांगत राहिले. वहीतही आठ लिहीत राहिले. तिकडून ते आठाच्या हिशोबाने मात्रा सांगायचे, आणि त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी तेवढी देत राहिले. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी कोपऱ्यात उभं केलेलं आहे.

ते घरी आले त्या दिवशी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. डाव्या कोपऱ्यातलं हिरवं प्रवाळ, पुण्याहून मांडीवर आणलेल्यातलं सगळ्यात पहिलं, पूर्ण पांढरं झालं होतं. आक्काने त्यांना झोपायला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला. गेले तर वही मांडीवर उघडी होती. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "सलग अकरा दिवस आठ? आमच्या फॅक्टरीत बी कधी आसं झालं न्हाई, शकू."

मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं. पाट, बांध, राहिलेला सोडा. सरी तुडुंब भरण्याचं ऐकून तर त्यांना हसूच आलं, आणि टाके दुखले म्हणून छातीवर हात धरला. मग गंभीर झाले.

"चुकलीस त्याचं मला काय न्हाई. मी बी लई मारलंय सुरवातीला. पर तू आठ म्हनायचीस आन् मी तिथं पडल्या पडल्या त्या आठावर डोस काढायचो. म्हंजी ह्ये हिरवं माझ्याच हातानं गेलं. मला म्हाईतच न्हाई. आकडा वाईट आसला तर वाईट सांगत जा. मला रागवायचं आसंल तर मी रागवंन. पर मला आंधळा करू नको."

या वाक्याने मला जितकं लागलं तितकं आयुष्यात कुणाच्या रागावण्याने लागलं नाही. वडलांनी हात उगारला असता तर बरं, असं वाटलं. पण ते तेवढ्यावरच थांबले. आक्काला यातलं काही सांगितलं नाही, हिरवं कशाने गेलं म्हणून तिने विचारलं तेव्हा "ऱ्हायलं न्हाई" एवढंच म्हणाले. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी मला बोलावून थेंब माझ्याकडून मोजून घेतले. बाकीची प्रवाळं हळूहळू सावरली. वाचलेल्या एका जांभळ्या फांदीचं टोक त्यांनी कापून हिरव्याच्या रिकाम्या दगडावर चिकटवलं. मी विचारलं, पुण्याहून पुन्हा हिरवं आणायचं का? ते म्हणाले, हाय त्येच वाढू दे.

त्यानंतर आमच्यात एक नवीच दोस्ती झाली. आधी ते माझे दाजी होते, थट्टा करण्यापुरते. आता मी रोज सहाच्या सुमाराला तिकडे चक्कर टाकायची, ते थेंब मोजायचे, मी वहीत लिहायची, आणि चहा होईस्तोवर आम्ही काहीबाही बोलत बसायचो. कारखान्याच्या गोष्टी, मंजूचं लहानपण, माझ्या शाळेतली पोरं. दोन बाटल्यांमधला अर्धा तास भरायला गप्पा लागतातच. आक्का स्वयंपाकघरातून कुरकुरायची, की मला कधी यांनी अर्धा तास दिला नाही. टाकीच्या जवळ मात्र ती यायची नाही. तिच्या मते त्या पेटीने तिचा नवरा पळवला होता, आणि ती हे चेष्टेत म्हणत नव्हती.

यंदा त्यांचं हृदय पुन्हा दमलं. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. नगरला नेलं, आणि किल्ली पुन्हा माझ्याकडे आली. मी एक दिवस चुकवला नाही. शेतावर आवर्तन आलं तेव्हा ह्यांना सरळ सांगितलं, माणूस लावा. तरीही एका संध्याकाळी तेरा थेंबांतच पाणी गुलाबी झालं. साडेसहा. बघते तर सोडा टाकीत सोडायला दाजींनी मागाहून बसवलेल्या बारीक नळीच्या तोंडाशी चुन्याचा खडा बसला होता, दोन-तीन दिवस पुरेसा सोडा गेलाच नव्हता. रोज आकडा अर्ध्याने उतरत होता, आणि मी आपली उद्या होईल म्हणून बसले होते... पण वहीत आणि फोनवर ते उतरणं सांगितलं होतं मी, एवढं खरं. सहाला फोन वाजला. आवाज ओळखू येत नव्हता इतका बारीक.

"साडेसहा," मी म्हणाले. "नळी चोंदली होती दाजी, मला आज दिसलं."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "भ्यालीस व्हय?"

"हो."

"भिऊ नको. रोज अर्धाच चढव. तीन दिस लागत्याल आठाला." पुन्हा श्वास. "सांगितलंस ते लई बरं केलंस. हितं पडून मला सगळं दिसतंय बघ."

दुसऱ्या दिवशी मी सात सांगितला. त्यांनी नुसतं "हं" केलं, पण ते समाधानाचं होतं. तिसऱ्या दिवसाचं मी सुरुवातीला सांगितलं आहे. साडेसात ऐकायला ते थांबले नाहीत. मला एकच बरं वाटतं, की शेवटच्या खेपेला मी त्यांना आंधळं केलं नाही. आणि एक वाईट वाटतं, की आठ ऐकायचा राहिला. तो चौथ्या दिवशी आला. घर माणसांनी भरलेलं होतं, मी कोपऱ्यात पाठमोरी बसून थेंब मोजत होते, आणि कुणाची तरी सासू कुणाला तरी विचारत होती की ही बाई काय औषध बनवतेय.

दहावा, तेरावा झाला. मंजू आईला पुण्याला नेते म्हणत होती, आक्का नाही म्हणाली. टाकीचं मात्र तिने लगेच ठरवून टाकलं. पुण्याच्या त्या गृहस्थांना ती द्यायची, त्यांनी रविवारी टेम्पो घेऊन यायचं. मी हो म्हणाले. तिचं घर, तिचा नवरा, मी कोण बोलणारी? पण घरी येऊन ह्यांच्यावर विनाकारण खेकसले. रविवारपर्यंत रोजचं चालू ठेवायचं, एवढंच माझ्या हातात होतं. आता सांगायला कुणी नसल्याने मीही ढिली पडले होते, हे कबूल करते. थेंब मोजायची, लिहायची, मात्रा कधी वेळेवर, कधी उशिरा. जो आकडा कुणी ऐकत नाही तो नीट ठेवायला फार ताकद लागते, ती माझ्यात नव्हती.

शुक्रवारी असंच सहाला गेले. आक्का स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी नळीत पाणी घेतलं, थेंब सोडले, रंग बदलला, आणि मी वहीकडे हात नेला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"किती आला गं?"

मला वाटलं मला भास झाला. एवढ्या वर्षांत आक्काने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. आकडा काय असतो, चांगला कुठला, वाईट कुठला, तिला माहीत असायचंही कारण नव्हतं. मी वळून पाहिलं. ती पदराला हात पुसत दारात उभी होती.

"दवाखान्यात माझ्यापशीच फोन आसायचा," ती म्हणाली. "मीच लावून द्यायचे रोज सहाला. आठ आला की त्येंच्या तोंडाकडं बघायचे मी. सहा वाजत्यात आन् घरात कुनी काय इचारीतच न्हाई, शके."

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, त्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा एकत्र. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, त्या पुण्याच्या मानसाला सांगून टाक, टेम्पो आनू नको म्हनावं. आणि वहीसाठी हात पुढे केला. आक्का चौथी शिकलेली. पेन धरायला तिला वेळ लागला. तिने त्यांच्या आणि माझ्या अक्षराखाली तारीख काढली, एकेक आकडा वेगळा, पाटीवर काढावा तसा.

"सांग आता. किती?"

आकडा चांगला नव्हता. क्षणभर माझ्या तोंडाशी आठ आलं. तिला आजच्या दिवस तरी...

"साडेसहा," मी म्हणाले.

तिने तसाच लिहिला.